सहा छोटे ग्लास आणि एक पूर्ण

बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयांच्या कमानींवर प्लास्टिकची फुलं चढायला लागली की माझं डोकं फिरायला सुरुवात होते. चैत्र सरत आलेला असतो. दुपारी गाडीचं हँडल हाताला चटका देतं. कॉलनीत टँकर आला की बायका पाइप घेऊन धावतात, आणि आमच्या घरी बाबांचा फोन सकाळपासून वाजत राहतो. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, पण आजोबांकडून आलेलं पंचांग त्यांनी नोकरीतही सोडलं नव्हतं. आता आजूबाजूची निम्मी लग्नं त्यांनी सांगितलेल्या तारखेवर लागतात. लोकांना लग्नसराई म्हटलं की सनई, मोगरा, अक्षता असलं काही आठवत असेल. मला आठवतं एक लाकडी फळकूट, त्याला पाडलेली सहा भोकं, आणि त्या भोकांत नीट बसवलेले सहा छोटे ग्लास.

ही गोष्ट मागच्या लग्नसराईतली. मी एकोणतीस वर्षांची, वाळूजच्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर. आईच्या मते हे वय म्हणजे गाडी फलाटावरून सुटायची वेळ. त्याआधी दोन उन्हाळे मी घरी साडी नेसून पोहे दिले होते. अनोळखी बायकांनी मला ‘चष्मा कायमचा आहे का’ असं विचारलं होतं. त्यामुळे पुण्याचा एक मुलगा ‘आपण बाहेरच भेटू’ म्हणाला तेव्हा मला बरंच वाटलं. जागाही त्यानंच सुचवली. तुमच्या शहरात जालना रोडला चांगली ब्रुअरी झाली आहे म्हणे, तिथं बसू. ब्रुअरी त्यानं सुचवली, हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण नंतर ते सगळेच विसरले.

तिथं काचेमागे बिअर बनवायच्या, तांब्याच्या रंगाच्या मोठ्या टाक्या आहेत. आत शिरलं की थंड हवा अंगावर येते, आणि त्या हवेत एक ओळखीचा वास असतो, उकडलेल्या गव्हाचा, जरासा आंबूस. या शहरात वाढलेल्या माणसाला तो वास नवा नाही. एमआयडीसीत बिअरचे कारखाने आमच्या जन्माआधीपासून आहेत. कंपनीच्या बसमधून सकाळी जाताना एका वळणावर तो वास खिडकीतून आत येतो आणि झोपलेली माणसं जागी होतात. नळाला पाणी आठवडा आठवडा येत नाही, पण देशभराची बिअर इथून जाते. यावर आमच्याकडे कुणी चिडत नाही. चिडतात ते मुलीच्या हातातल्या ग्लासावर.

माझे अण्णाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, अशाच एका कारखान्यात होते. माल पाठवायच्या विभागात. त्यांच्या सहीशिवाय ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. माझ्या बायोडेटात आईनं त्यांच्याबद्दल ‘नामांकित कंपनीत अधिकारी’ असं लिहिलंय, आणि कुठल्याही स्थळानं त्या नामांकित कंपनीत काय तयार होतं ते विचारलं नाही. एका दिवाळीला काकांना कंपनीकडून सहा मोठे काचेचे मग मिळाले. जाड कानाचे, बुडाशी वजनदार, एका बाजूला कंपनीचं सोनेरी चिन्ह. काकूला ते घरात नको होते, म्हणून ते आमच्याकडे आले. माझं सगळं लहानपण त्या मगांतून गेलं. उन्हाळ्यात त्यात पन्हं, जेवताना ताक, आजारी पडलं की त्यातच मोसंबीचा रस. बाबा रोज दुपारी काठोकाठ भरलेला मग घ्यायचे, आणि मिशीला लागलेलं ताक पंचाला पुसायचे. पाहुणे आले की आई ते सोनेरी चिन्ह भिंतीकडे करून ठेवायची. तेवढं केलं की सगळं सोज्वळ.

तर ब्रुअरी. मुलगा बरा दिसत होता, बोलायलाही बरा. आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं की ते लोक शनिवार-रविवारसाठी आले आहेत, आई-वडील गाडीनं वेरूळला गेले आहेत, आधी घृष्णेश्वराचं दर्शन आणि मग लेणी. ‘तुम्ही आजच्या दुसऱ्या,’ असंही तो म्हणाला, हसत, प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळेल अशा चेहऱ्यानं. सकाळी सिडकोतली एक झाली होती, उद्या उस्मानपुऱ्यातली होती. म्हणजे लेणी, देव आणि मुली, सगळं एकाच फेरीत. कैलास लेण्यापुढं त्यांनी किती वेळ दिला ते मी विचारलं नाही. माझ्यासाठी तासभर होता.

वेटर देवगाव रंगारीचा होता, पुढं गप्पांत कळलं. त्यानं मेन्यू ठेवला आणि मला म्हणाला, ‘ताई, सॅम्प्लर घ्या ना. सगळ्यांची चव कळंल, मग पटंल ते घ्या.’ बिचाऱ्याचं ते कामच होतं. मी म्हटलं, गव्हाची द्या, पूर्ण ग्लास. मी ती आधी मैत्रिणींबरोबर प्यायले होते, मला ती आवडते हे मला माहीत होतं. मुलानं सॅम्प्लर मागवलं. ते फळकूट आलं, सहा ग्लास, पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ओळीनं. तो एकेक उचलायचा, उजेडाकडे धरायचा, घोट घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. ही छान आहे, पण जरा पातळ. ही चांगली आहे, पण मागं कडवटपणा राहतो. हिचा रंग सुंदर, पण अंगात दम नाही. प्रत्येक वाक्यात एक पण होता, आणि मला मधेच असं वाटायला लागलं की हा सातवा निकाल माझा लावतोय.

मी विचारलं, यातली कुठली घेणार मग? तो म्हणाला, ‘सगळं थोडं थोडं बघून घेतलेलं बरं असतं. एकदम पूर्ण मागवलं आणि नाही आवडलं तर?’

‘तर संपवायचं,’ मी म्हटलं. ‘आपणच मागवलेलं असतं ना.’

तो हसला. त्याला तो विनोद वाटला. सहाही ग्लास रिकामे झाल्यावर त्यानं त्यातले तीन पुन्हा मागवले, नीट पडताळून बघायला. ते सगळे एकात ओतले असते तर माझा ग्लास भरून वर बरंच उरलं असतं. शेवटपर्यंत त्यानं पूर्ण असा एकही ग्लास घेतला नाही.

मी काही चव बघण्याच्या विरोधात नाही. पहिल्यांदा आम्ही चार मैत्रिणी तिथं गेलो तेव्हा आम्हीही ते फळकूटच मागवलं होतं, मधे ठेवून, एकमेकींचे ग्लास पळवत, आणि काळी बिअर पिऊन एकीनं जे तोंड केलं त्यावर आम्ही पोट धरून हसलो होतो. मजा येते. पण ती चव बघणं असतं, पिणं नव्हे. छोट्या ग्लासात बिअर कायम थंड असते, फेस ताजा असतो, दोन घोटांत संपते, म्हणून ती नेहमीच शहाणी वाटते. पूर्ण ग्लासाचं तसं नाही. अर्ध्यावर आलं की फेस बसतो. बोलण्याच्या नादात ती कोमट होते, तळाशी जरा कडू लागते. तो शेवटचा कोमट घोटही आपलाच असतो, आणि तो प्यायल्याशिवाय ती बिअर आपल्याला कळली असं म्हणता येत नाही. सगळ्यांचे पहिले दोन घोट घेऊन ‘पण’ म्हणत उठणारी माणसं मला आवडत नाहीत. हॉटेलात नाही, आणि आमच्या दारात तर मुळीच नाही.

चार दिवसांनी वंदनामामीचा फोन आला. वंदनामामी म्हणजे आईच्या भावाची बायको. स्थळं आणणं आणि त्यांचे निरोप पोहोचवणं हा तिचा जिव्हाळ्याचा उद्योग. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बोलत होते, मी आत भाकरी करत होते, आणि मामीचा आवाज असा की फोन स्पीकरवर लावायची गरज पडत नाही. मुलाला मुलगी ठीक वाटली म्हणे. पण त्याच्या आईचं मन खट्टू झालंय. मुलगी पूर्ण ग्लास पिते.

तव्यावरची भाकरी करपली. म्हणजे त्यानं घरी जाऊन आईला माझा एक ग्लास सांगितला, आणि स्वतःचे सहा आणि वरचे तीन मोजलेच नाहीत. त्याचे ते छोटे होते ना. त्याची ती चव होती, माझं ते व्यसन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण इथपर्यंत मला नवल वाटलं नव्हतं. असल्या माणसांचा राग करायचा आणि सोडून द्यायचा, एवढं दोन उन्हाळ्यांत मी शिकले होते. नवल पुढं होतं.

बाबा म्हणाले, ‘अहो वहिनी, काहीतरी गैरसमज झालाय. सफरचंदाचं सरबत होतं ते. आमच्या घरात असलं काही चालत नाही.’

त्यांच्या मागं फळीवर ते सहा मग ओळीनं उभे होते.

लोकांना वाटेल, एवढं काय त्यात. बाप आहे, मुलीची बाजू सावरली. पण माझे बाबा कोण आहेत हे समजून घ्यायला हवं. ते म्हणतात ती तिथी, ते म्हणतात तो मुहूर्त. अमुक तारखेला योग नाही म्हणाले, तर लोक कार्यालयाचं बुकिंग रद्द करतात. कुठल्या घरात कुणाचं काय चाललंय हे त्यांना ठाऊक असतं आणि ते कुठं बोलत नाहीत, म्हणून लोक त्यांच्यापुढं मन मोकळं करतात. आयुष्यभर त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, की परत घ्यावा लागेल असा शब्द बोलूच नये. मी बिअर पिते हे त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं, पहिल्या वेळेला, घरी येऊन, लपवाछपवी नको म्हणून. तेव्हा ते पंचांगातून डोकं वर न काढता म्हणाले होते, ‘बेतानं.’ मला केवढा अभिमान वाटला होता त्या एका शब्दाचा. आणि आता त्याच माणसानं माझ्यातली तेवढी मी काढून टाकली, तिच्या जागी सरबत ओतलं.

मी भांडले. बाबा म्हणाले, बोलून गेलो, आता काय करायचं. आई म्हणाली, विषय वाढवू नको. ते स्थळ तसंही गेलं, पण सरबत राहिलं. मामीनं ते नातेवाइकांत सगळीकडे पोहोचवलं. पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तर फळी रिकामी होती. आईनं मग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले होते. म्हणे उगाच कुणी पाहिलं तर. तेव्हापासून आमच्याकडे ताक स्टीलच्या वाटीएवढ्या पेल्यांत मिळतं. बाबा दोन घोटांत पेला संपवायचे, रिकाम्या पेल्याकडे बघायचे आणि दुसरा मागायचे नाहीत.

वर्षभर मी हा राग पोटात घेऊन फिरले. रविवारी सकाळी आम्ही दोघं पूर्वीसारखेच हर्सूलच्या तलावावर फिरायला जायचो. बाबा पाण्याची पातळी किती खाली गेली ते दाखवायचे, मी हूं म्हणायचे. कुणाच्या लग्नात एखादी बाई गालाला हात लावून म्हणायची, आम्हाला माहितीय हो, लोक काहीही उठवतात, सरबत होतं ते. मी खरं सांगितलं तर बाबा खोटे ठरणार होते, त्याच बाईच्या घरी त्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तासकट. नाही सांगितलं तर मी खोटी. मी तोंडात मिठाची गुळणी धरून जिलबी खात राहिले. मला जिलबी आवडत नाही.

आणि या वर्षी कमानींवर परत फुलं चढली.

नाशिकचं स्थळ. मामीनंच आणलं. तिनं आईला आनंदानं सांगितलं की मी आधीच त्या लोकांच्या कानावर घालून ठेवलंय, मागं ते उगाच उठलं होतं, सरबत होतं. भाऊजींनी स्वतः सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी पुढं एक शब्द विचारला नाही. मुलगा इकडे येणार होता, बाहेर भेटू म्हणत होता, आणि त्याला कुणीतरी जालना रोडची तीच जागा सुचवली होती.

संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘या वेळी ते छोटंवालं घे. सहा घे हवं तर. फक्त मोठा नको.’

सहा घे हवं तर. किती पोटात जातं याच्याशी कुणालाच देणं-घेणं नव्हतं, आमच्या बाबांनासुद्धा. ग्लास केवढा दिसतो एवढाच प्रश्न होता. इतका राग मला त्या पुण्याच्या मुलाचाही आला नव्हता.

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्ही तारीख सांगता तेव्हा लोक ती धरून चालतात. तुम्ही सरबत म्हणालात, आता मला जन्मभर सरबत पीत बसावं लागेल. मी नाही जाणार. गेले तर बिअर पिणारी मुलगी म्हणून जाईन, आणि ते त्यांना आधी माहीत असेल.’

‘मग मी खोटा ठरतो,’ ते म्हणाले.

‘हो,’ मी म्हटलं.

आई मधे पडली नाही, हे विशेष. बाबा वळले आणि निघून गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटण्यानं राग कमी होतो हा एक भ्रम आहे. दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि रात्रभर झोपू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबांना सिडकोत एन-सेव्हनला सत्यनारायण सांगायचा होता. लग्नसराईत नवीन जोडप्यांच्या घरी ओळीनं पूजा असतात, आणि बाबांना ती कथा झोपेतही पाठ आहे. तिच्यात एका व्यापाऱ्याला विचारतात, नावेत काय भरलंय, आणि तो आतला माल लपवून म्हणतो, काही नाही, पालापाचोळा आहे. मग खरोखरच नावेत पाला होतो. लहानपणी मी बाबांच्या शेजारी पाटावर बसून ती ऐकायचे आणि प्रत्येक वेळी मला त्या व्यापाऱ्याची कीव यायची. एवढा सगळा माल, आणि एका वाक्यात त्याचा पाला.

दुपारी बाबा घरी आले. उन्हानं चेहरा लाल झाला होता, हातात प्रसादाच्या शिऱ्याचा डबा. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि पंख्याखाली बसले. मग म्हणाले, ‘आज वाचताना अडखळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.’

कुठं अडखळले ते मी विचारलं नाही. त्यांना सोपं करून द्यायची माझी तयारी नव्हती.

त्यांनी खिशातून फोन काढला आणि मामीला लावला. मामीनं आधी नाशिकच्या मुलाचा पगार, घर, बहिणीचं सासर सगळं सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘वहिनी, मागच्या वर्षी मी तुम्हाला सरबत सांगितलं, ते खोटं होतं. बिअर होती ती. पूर्ण ग्लास होता. आणि मला माहीत होतं.’

आई फोनजवळ वाकली. मग मामी म्हणाली, ‘अहो भाऊजी, आता हे सांगायची काय गरज होती? मी सगळीकडे तुमचं नाव घेऊन सांगत बसले. त्या नाशिकच्या लोकांना काय तोंड दाखवू? काय सांगू त्यांना?’

‘हेच सांगा,’ बाबा म्हणाले. ‘आणि मुलगा किती पितो, तेही विचारून घ्या.’

त्यांनी फोन ठेवला. आईनं ताक केलं, आलं-जिरं लावलं आणि सवयीनं स्टीलचा पेला पुढं केला. बाबांनी तो बाजूला सारला. स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि माळ्यावर हात घालून चाचपडायला लागले. आई म्हणाली, ‘अहो, पडाल तिथून.’ ते पडले नाहीत. वर्तमानपत्राची एकेक पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. मी मग विसळले आणि फळीवर मांडले, सोनेरी चिन्ह पुढं करून. आई बघत होती, पण तिनं ते फिरवलं नाही.

मामीचा फोन अजून आलेला नाही. कॉलनीत कुणाकुणाला कळलंय, एकानं मुहूर्त परत दुसऱ्याकडून तपासून घेतला असंही बाबांच्या कानावर आलं. माझा राग गेलाय असंही मी म्हणणार नाही. एक अख्खं वर्ष मी सरबत पीत होते, ते असं एका फोननं भरून येत नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं तर बाबांनी काठोकाठ भरलेला मग दोन्ही हातांत धरला. सावकाश, मधे मधे थांबत, तळाशी साचलेलं जिरंसुद्धा हलवून घेत संपवला. मिशी पंचाला पुसली. मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘तू ती गव्हाची घेतेस म्हणालीस, ती कडू असते का?’

‘शेवटी शेवटी,’ मी म्हटलं.